घडी कुणी घातली?

गोजरबाईच्या हातात काहीही द्या, ती आधी ते उलटं करून बघणार. साडी दिली तर काठाची मागची बाजू, पिशवी दिली तर तळाची शिवण. मुलासाठी रेश्माला बघायला गेली तेव्हा पोरीकडं बघायच्या आधी हिनं तिथल्या सोफ्याच्या खोळीची किनार अंगठ्यानं उलटून बघितली होती. रेश्माची आई अजून ते सांगून हसते. त्यात नावं ठेवायचा हेतू नसतो हो. मंद्रूपहून रोज सकाळच्या एसटीनं सोलापूरला यायचं आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या घड्या घालायच्या, हे ती एकतीस वर्षं करते आहे. इतक्या वर्षांनी हात माणसाचं ऐकेनासे होतात.

घडी घालणं म्हणजे काय मोठंसं काम, असं तुम्हाला वाटत असेल. कारखान्यातही सगळ्यांना तसंच वाटतं. मागावर बसतो तो कारागीर, रंगखात्यात असतो तो कारागीर, आणि घडीखात्यात मात्र नुसत्या ‘बायका’. गोजरबाईला त्याचं विशेष वाटत नाही. तिला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नव्या पोरी टॉवेलाकडं न बघता मोबाईलकडं बघत घडी घालतात आणि मग कोपऱ्याला कोपरा मिळत नाही. अशी घडी दिसली की हिची बोटं शिवशिवतात. टेबल दुसरीचं असो, दुकान परक्याचं असो, ही ती सरळ करणारच. मंद्रूपच्या आठवडी बाजारात एका कापडवाल्यानं वैतागून विचारलंही होतं, “मावशी, घ्यायचंय का नुसतं आवरायचंय?” “नुसतं आवरायचंय,” असं म्हणून तिनं चार चादरी नीट केल्या आणि मगच पुढं गेली.

तिच्या खात्यात एक रीत आहे. प्रत्येक बाईला नंबर असतो आणि बारा टॉवेलांच्या प्रत्येक गठ्ठ्यात तिनं आपल्या नंबराची चिठ्ठी टाकायची असते. गोजरबाईचा नंबर सत्तेचाळीस. गठ्ठा कुठल्या का मुलखात जाईना, तक्रार आली की चिठ्ठी परत येते. मग मुकादम खात्याच्या मधोमध उभा राहून नंबर पुकारतो आणि ज्या बाईचा असेल तिनं उठून “माजी हाय” म्हणायचं. एकतीस वर्षांत गोजरबाईला चारदा उठावं लागलं. त्यातल्या एका खेपेला तर चिठ्ठी भिजून नंबर पुसला होता. सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या. हिनं तो टॉवेल मागून घेतला, निरखला आणि म्हणाली, “माजीच हाय. डावा कोपरा मी असाच दाबते.” शेजारणी आठवडाभर तिला येडी म्हणत होत्या.

तर अशी ही बाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी थायलंडला निघाली. झालं असं, की तिचा मुलगा ऋतुराज याचं मंद्रूपला ठिबकचं आणि पाइपांचं दुकान आहे, आणि पाइपांच्या कंपनीनं यंदा जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना समुद्रकाठची सहल लावली होती, प्रत्येकी दोन माणसांची. रेश्माला सातवा महिना लागलेला. ऋतुराजचे वडील भीमा, घरातले आण्णा, दोन म्हशी सोडून सोलापुरातसुद्धा मुक्कामाला यायचे नाहीत. राहिली आई.

पासपोर्टच्या कचेरीत तिचं बोट काचेवर उमटेना. तिथल्या मुलीनं बोटं पुसून बघितली, ओली करून बघितली, दाबून धरली. “मावशी, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत,” ती म्हणाली.

“टावेलानं खाल्ल्या की,” असं म्हणून गोजरबाई काचेखालचा दिवा कुठनं लागतो ते वाकून बघायला लागली. सहाव्या खेपेला एकदाचा ठसा उमटला.

विमानात तिनं खिडकीपेक्षा सीटच्या पट्ट्याकडं जास्त वेळ बघितलं. हॉटेलात गेल्यावर तर कहरच झाला. पलंगावर टॉवेलांचा हत्ती करून ठेवला होता. ऋतुराजनं त्याचा फोटो काढून रेश्माला पाठवला आणि आंघोळीला गेला. बाहेर येऊन बघतो तर हत्ती गायब. आई जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात दोन टॉवेल उलगडलेले.

“ह्याचं पाय कसं उभारल्यात त्येच कळंना,” ती म्हणाली. जेवायला हाका आल्या तरी हलेना. तिसऱ्या प्रयत्नात हत्ती उभा राहिला, जरा आखूड सोंडेचा, तेव्हा कुठं ती उठली. “घडी भारीय ह्यांची,” तिनं निकाल दिला, “पन टावेल पातळ हाय.”

त्याच जेवणात कंपनीच्या साहेबांनी चिठ्ठ्या काढल्या. दोन भाग्यवान दुकानदारांना विमानातून उडी मारायची संधी मिळणार होती. पहिली चिठ्ठी अक्कलकोटकडच्या बसलिंगप्पाची निघाली, दुसरी ऋतुराजची. टाळ्या पडल्या. ऋतुराज हसला खरा, पण त्याच्या हातातला चमचा खाली पडला. सहलीबरोबर आलेला देवदत्त नावाचा सोलापूरचाच मॅनेजर होता. त्यानं समजावून सांगितलं, की एकट्यानं उडी मारायची नसते. शिकलेला मास्तर पाठीमागं बांधलेला असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. आपण फक्त लोंबायचं. मग त्यानं नियमांचा कागद वाचला. पंच्याण्णव किलोच्या वर वजन चालणार नव्हतं. ऋतुराज एकशे आठ किलोचा. हे ऐकून त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो लपवता लपवता बिचाऱ्याला घाम फुटला.

“देवदत्तसायेब,” गोजरबाईनं मध्येच विचारलं, “ती छत्री उघडती, ती आधी कुटं असतीय?”

“पिशवीत असते, मावशी. पाठीवरच्या.”

“येवढ्याशा पिशवीत? कापड केवढं असतंय त्ये?”

देवदत्तनं हात पसरून हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दाखवलं.

“आन त्येची घडी कोन घालतंय?”

अकरा वर्षं देवदत्त सहली काढत होता. धोका किती, फोटो मिळतात का, उडीआधी खाल्लं तर चालतं का, असलं सगळं लोक त्याला विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं. “माहीत नाही,” त्यानं कबूल केलं.

“मग मी जाते,” गोजरबाई म्हणाली. “ह्याच्याऐवजी माजं नाव घाला.”

“आई, याड लागलंय का तुला?” ऋतुराज उडालाच. “काय झालं-बिलं तर आण्णा मला घरात घेतील का?”

“त्यास्नी मी सांगते. परत गेल्यावर.”

खरं सांगायचं तर उडीची तिला फारशी कल्पनाच नव्हती. तिला ती घडी बघायची होती. भिंतीएवढं कापड पिशवीत जातं, वाऱ्यात सुटतं आणि न गुंतता उघडतं, म्हणजे ती घडी घालणाऱ्याचा हात काय असेल! आणि ती उघडताना बघायची तर वरच जायला हवं, हे तिला साधंसरळ दिसत होतं. रात्रभर तिनं पांघरुणाच्या घड्या घालून बघितल्या.

सकाळी समुद्रापासून थोड्या अंतरावरच्या छोट्या धावपट्टीवर सगळी मंडळी जमली. गोजरबाईला साडीऐवजी निळा डगला आणि पायजमा असा जोड कपडा मिळाला. तिच्या पायात ऋतुराजचे बूट ढिले होत होते म्हणून त्यानंच खाली बसून नाड्या आवळून बांधल्या. “अजून न्हाई म्हन की,” तो खालूनच पुटपुटला. ती ऐकतच नव्हती. तिचे डोळे पलीकडच्या पत्र्याच्या शेडवर खिळले होते. तिथं जमिनीवर लांबलचक जाजम होतं आणि जाजमावर हिरव्या काठाचं रंगीत कापड पसरलेलं होतं.

नावनोंदणीच्या गडबडीत ती हळूच तिकडं सटकली.

शेडमध्ये पन्नाशीची एक बाई गुडघ्यांवर बसून काम करत होती. आखूड केस, पायांत मोजे, गुडघ्यांना जाड पट्टे. गोजरबाईनं आधी ते पट्टे बघितले आणि आपल्याला एकतीस वर्षांत हे कसं सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडली. बाईनं तिच्याकडं बघून मान लववली. हिनं नमस्कार केला. बस्स, ओळख झाली. मनातल्या मनात हिनं तिचं नाव घडीवाली ठेवूनही टाकलं.

घडीवाली दोऱ्या खांद्यावर घेऊन कापडाचा एकेक पदर मोजून लावत होती. मग तिनं सगळं आडवं केलं आणि चक्क त्यावर पालथी पडली, अंगाच्या वजनानं आतली हवा काढायला. “अगं बया, ही तर घडीवर निजली!” गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं. पुढचं काही बघायच्या आत बाहेरून कुणीतरी हाक मारली. घडीवालीनं कापडावर वाळूच्या दोन छोट्या पिशव्या ठेवल्या आणि ती लगबगीनं बाहेर गेली.

शेडमध्ये आता गोजरबाई आणि ती अर्धी घडी, एवढंच उरलं. घडी सुरेख होती, पण पुढच्या अंगाला उजवीकडच्या दोन चुण्या भसकन बाहेर आलेल्या होत्या. इतकं देखणं काम आणि हे काय गबाळं! घाईत राहिलं असेल बिचारीचं, असं तिला वाटलं. ती गुडघ्यावर बसली, वाळूची पिशवी उचलली, दोन्ही चुण्या आत सारल्या, वरून तळहात फिरवला आणि पिशवी होती तिथं ठेवली. दहा सेकंदांचं काम. आपण काही वावगं करतो आहोत हे तिच्या मनालाही शिवलं नाही. घडीवाली परत आली, हिच्याकडं बघून हसली आणि भराभर कापड गुंडाळून हिरव्या काठाच्या पिशवीत भरायला लागली. गोजरबाईचा हात असा साफ, की घालणारीलाच पत्ता लागला नाही.

तेवढ्यात देवदत्त शोधत आला आणि तिला एका खोलीत घेऊन गेला. उडी मारणाऱ्यांना तिथं भिंतीवर फिल्म दाखवत होते आणि देवदत्त मराठीत समजावत होता. पाय कसे उचलायचे, हात कुठं धरायचे. बसलिंगप्पा हे सगळं आधीच शिकून बाहेर गेला होता, त्याचा नंबर पहिला होता. शेवटी फिल्ममध्ये पॅराशूटची घडी आली आणि गोजरबाई पुढं सरकून बसली.

“घडी दिसायला गबाळी वाटली तरी ती तशीच लागते,” देवदत्त सांगत होता. “ही पुढची तोंडं मुद्दाम बाहेर सोडलेली असतात. वारा आधी इथं शिरतो आणि मग कापड बेताबेतानं उघडतं.”

“आन कुनी ती आत सारली तर?”

“तर मग कसं उघडेल, सांगता येत नाही. पण तुम्ही काळजी करू नका मावशी, जादाचं दुसरं एक पॅराशूट असतंच पिशवीत.”

ते दुसरं पॅराशूट गोजरबाईच्या कानात शिरलंच नाही. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. बसलिंगप्पा पट्टे बांधून तयार होता, मोबाईलवर घरच्यांना हात हलवून दाखवत होता. शेजारी पांढऱ्या दाढीचा उंच मास्तर उभा होता. त्याच्या पाठीवर हिरव्या काठाची पिशवी होती. घडीवालीनं भरली ती हीच, हिनं ओळखली.

कुणी बघितलं नव्हतं. मुकादम नव्हता, नंबर पुकारणारं कुणी नव्हतं. बोललं तर आपली उडी गेली, हे तिला लख्ख कळत होतं. असल्या बाईला कोण वर नेणार? शिवाय पोराची चारचौघांत शोभा व्हायची ती वेगळीच. आणि ती उडी तिला हवी होती, अगदी लहान लेकरासारखी हवी होती. खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला. मग उठली आणि ढिल्या बुटांत धावत सुटली.

“थांबवा त्यास्नी! त्या घडीला मी हात लावलाय!”

सगळे वळून बघायला लागले. ऋतुराज पुढं आला. “आई, काय बोलतीयास? गप की!”

“तू गप. सायेब, सांगा त्यास्नी. ती घडीवाली भायेर गेली तवा मी चुन्या आत सारल्या. मला गबाळं वाटलं म्हनून.”

देवदत्तनं इंग्रजीत सांगितलं. घडीवालीला बोलावलं. तिनं ठाम मान हलवली. घडी आपणच घातली, आपणच भरली, त्यात काही चूक नाही. धावपट्टीच्या कचेरीतला माणूस समजुतीनं हसला. देवदत्त हळू आवाजात म्हणाला, “मावशी, ते म्हणतात ऐनवेळी भीती वाटते, तेव्हा लोक काहीबाही बोलतात. तुम्हाला नसेल जायचं तर नका जाऊ.”

“भ्या न्हाई वाटत मला!” गोजरबाई कडाडली. “उघडा म्हनावं. उजव्या अंगाला, खालनं तिसरी आन चौथी. तळात दाबलीय, वरनं हात फिरवलाय. खोटं निघालं तर मला हितंच ठिवून जावा.”

विमानाचा पंखा फिरायला लागला होता. पिशवी उघडायची म्हणजे पहिल्यापासून सगळं काम पुन्हा, आणि तोवर सगळ्यांचा खोळंबा. कुणाचीच तयारी नव्हती. पांढऱ्या दाढीचा मास्तर मात्र गोजरबाईकडं बघत होता. भाषा त्याला कळत नव्हती, पण ती बोटांनी हवेत तिसरी आणि चौथी चुणी मोजून दाखवत होती ते त्याला कळत होतं. त्यानं पट्टे सोडले, पिशवी उतरवली आणि शेडमध्ये नेऊन जाजमावर स्वतः उघडली.

तिसरी आणि चौथी. दोन्ही आत.

घडीवालीनं तोंडावर हात ठेवला. तिचा चेहरा असा उतरला, की गोजरबाईला स्वतःपेक्षा तिचंच वाईट वाटलं. “अय्यो देवरे!” म्हणत बसलिंगप्पा होता तिथंच खाली बसला. त्यानं आपल्यासाठी दुसरी पिशवी आणि दुसरा मास्तर मागून घेतला, आणि जाता जाता गोजरबाईच्या पायाला हात लावला. शिव्या द्याव्यात की आभार मानावेत, हे त्याला ठरवता येत नसावं.

कचेरीतल्या माणसानं निकाल दिला, की सामानाला हात लावणाऱ्याला आज वर जाता येणार नाही. आज म्हणजे कधीच नाही, कारण उद्या परतीचं विमान होतं. दुकानदारांत कुजबुज झाली, म्हाताऱ्या माणसांना कशाला आणावं असं कुणीतरी बोललंही. ऋतुराजची मान खाली गेली.

“बरोबर हाय त्यांचं,” गोजरबाई म्हणाली. पण डोळे भरून आले आणि ते तिनं लपवले नाहीत.

शेडच्या दाराशी ती बसून राहिली. आतून घडीवालीनं खुणेनं बोलावलं. जाजमाच्या कडेला बोट दाखवून बस म्हणाली. गोजरबाई बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. ते बघून घडीवालीला हसू फुटलं. मग तिनं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि या खेपेला सावकाश. प्रत्येक पदर लावला की हिच्याकडं बघायची, हिनं मान हलवली की पुढचा घ्यायची. दोऱ्या नागमोडी वळवून रबरात अडकवल्या. बाहेर सोडलेल्या तोंडांवर तिनं बोट ठेवलं आणि गालांत हवा भरून फुंकून दाखवली. वारा इथून येतो. गोजरबाईनंही गाल फुगवून फुंकलं. दोन पोक्त बाया जमिनीवर बसून एकमेकींकडं बघत फुंकत होत्या, आणि दारातून बघणाऱ्या ऋतुराजला काय करावं सुचेना.

पिशवी बंद झाली. घडीवालीनं खिशातून एक छोटं कार्ड काढलं, त्यावर तारीख घातली, सही केली आणि कार्ड पिशवीच्या कप्प्यात सारलं.

“ऋतुराज!” गोजरबाई ओरडली. “चिठ्ठी हाय रं हितं बी! हिचा बी नंबर हाय!”

दारात पांढऱ्या दाढीचा मास्तर उभा होता. त्यानं देवदत्तला काहीतरी विचारलं. देवदत्तनं चिठ्ठीची ती रीत ऋतुराजकडून समजून घेऊन त्याला सांगितली, सत्तेचाळीस नंबरसुद्धा सांगितला. मास्तर ऐकत राहिला. मग कचेरीत गेला. आत बराच वेळ चढ्या आवाजात बोलणं चाललं. बाहेर आल्यावर देवदत्त म्हणाला, “मावशी, ते म्हणतात, पिशवी माझ्या पाठीवर असते, जीव माझाही असतो, तेव्हा कुणाला न्यायचं ते मला ठरवू द्या. अशी चूक करून गप्प बसणारी माणसं मी बघितलीत, म्हणाले. शेवटच्या फेरीला येता का, असं विचारलंय. हीच पिशवी घेऊन.”

गोजरबाईनं ऋतुराजकडं बघितलं. त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा खाली बसून तिच्या नाड्या तपासल्या.

विमानात चढायच्या आधी घडीवाली आली. तिनं मास्तरच्या पाठीवरच्या पिशवीवर तळहात ठेवला, मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि गोजरबाईच्या डोळ्यांत बघत राहिली. त्याचा अर्थ सांगायला देवदत्तची गरज नव्हती.

छोटं विमान घरघरत वर चढलं. खाली समुद्र पसरला, किनाऱ्याची रेघ दिसली, मग तीही बारीक झाली. मास्तरनं तिला पट्ट्यांनी आपल्या पुढ्यात जखडलं. दार उघडलं आणि वारा आत घुसला, तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. आपण बोललो म्हणून बसलिंगप्पा वाचला. पण आपल्याला घडी सुरेख दिसली म्हणजे ती बरोबरच आहे असं कुठं आहे? सकाळी आपल्या नजरेनं दगा दिलाच होता. आता नजर नाही, हात नाहीत, काहीच आपलं नाही. दुसऱ्या बाईचा हात, तेवढाच. तिनं डोळे मिटले आणि तो छातीवर ठेवलेला तळहात आठवला. मास्तर पुढं झुकला.

नंतरचं तिला नीट सांगता येत नाही. रेश्मा अजून विचारते आणि ती म्हणते, “गाल कानाला चिकटलं बग.” नाकातोंडात वारा, कानात वारा, सगळा वाराच. श्वास घ्यावा का सोडावा तेही कळेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग खांद्यांना आणि मांड्यांना असा एक हिसका बसला, की जणू कुणी बखोटीला धरून वर उचललं.

आणि सगळं शांत झालं. इतकं, की दोऱ्यांची बारीक शीळ ऐकू यायला लागली.

गोजरबाईनं मान मागं टाकून वर बघितलं. आभाळाला हिरवा काठ लागला होता. भिंतीएवढं कापड ताणून भरलं होतं, एक चुणी मुडपली नव्हती, एक दोरी गुंतली नव्हती, आणि पुढची सगळी तोंडं वारा पीत होती. ती एकेक करून मोजायला लागली आणि मोजता मोजता रडायलाच लागली. मग खाली वाकून, दूर त्या बोटाएवढ्या शेडकडं बघून, ती छाती फुटेस्तोवर ओरडली, “उघडली गं! उघडली बाई तुजी घडी!”

मास्तरनं घाबरून तिच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं.

“तुमाला न्हाई ओ,” गोजरबाई म्हणाली, “खाली तिला सांगतीया.”